रंगभवन: स्टेज गेलं, गल्लीला नाव राहिलं

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती. बोलताना केलेले 'अं...' आणि 'म्हणजे बघा' थोडे कापलेत. बाकी जसं बोललो, तसंच आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करू. 'रंगभवन' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकला?

माझ्या वयाच्या बहुतेकांचं उत्तर एकच असेल: २६/११. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन पोलीस अधिकारी जिथे शहीद झाले, ती कामा हॉस्पिटलजवळची गल्ली. टीव्हीवर सतत तेच शब्द यायचे, 'रंगभवन गल्ली'. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं, रंगभवन हे एखाद्या सरकारी ऑफिसचं नाव असेल.

मग एकदा मामाबरोबर सीएसएमटीहून मेट्रो सिनेमाकडे चालत निघालो होतो. सेंट झेवियर्स कॉलेजच्या बाजूला एक बंद गेट दिसलं. मामा थांबला आणि म्हणाला, "अरे, हे आमचं वूडस्टॉक!" मला हसू आलं. डोंबिवलीला राहणारा, बँकेत नोकरी करणारा, रविवारी सकाळी नाट्यगीतं ऐकणारा माणूस, आणि म्हणे वूडस्टॉक! पण तो हसत नव्हता.

तर आजचा भाग त्या बंद गेटाबद्दल. आणि खरं सांगायचं तर, एका प्रश्नाबद्दल, ज्यात दोन्ही बाजू बरोबर आहेत.

आधी, हे होतं काय?

रंगभवन म्हणजे धोबी तलाव भागातलं, छत नसलेलं नाट्यगृह. मालकी राज्य सरकारची. नाव ऐकलं की कळतं, मुळात ते नाटकांसाठी आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी. समोर स्टेज, त्यापुढे प्रेक्षक आणि वर थेट आकाश.

जागा कुठे आहे ते मॅपवर बघा. सीएसएमटीहून चालत दहा-बारा मिनिटं, चर्चगेटहूनही साधारण तेवढंच, आणि मरीन लाइन्स तर अगदी हाकेच्या अंतरावर. म्हणजे सेंट्रल, हार्बर आणि वेस्टर्न, तिन्ही लाइनवाल्यांना येण्यासारखं. विरारचा पोरगा, पनवेलचा पोरगा आणि कल्याणचा पोरगा, तिघंही लोकलच्या पासावर तिथे पोचणार आणि शेवटच्या लोकलने घरी परत. मुंबईत एखादी जागा 'सगळ्यांची' आहे की नाही हे ओळखायची माझी टेस्ट हीच: शेवटची लोकल पकडून घरी जाता येतं का? रंगभवन त्या टेस्टमध्ये फुल मार्कांनी पास.

१९७८: जाझ आलं

फेब्रुवारी १९७८. निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जाझ इंडिया' संस्थेने रंगभवनात एक महोत्सव भरवला. नाव ठेवलं 'जाझ यात्रा'. मला हे नावच भारी वाटतं. फेस्टिव्हल नाही, यात्रा. म्हणजे गावच्या जत्रेला जसं सगळं गाव येतं, तसं यायचं.

त्या पहिल्या यात्रेत कोण आलं होतं? सनी रॉलिन्स! जाझ ऐकणारे आता खुर्चीत सरळ बसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो: सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांमध्ये जगात ज्यांची नावं अगदी वर घेतात, त्यातला हा माणूस. आणि त्याचं मुंबईशी नातं आधीचं होतं. १९६० च्या दशकात तो सगळं सोडून योग आणि वेदान्त शिकायला भारतात आला होता आणि काही महिने पवईच्या आश्रमात राहिला होता. आज पवईत ज्यांची ऑफिसं आहेत, त्यांनी ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर हे आठवून बघा, जरा बरं वाटेल.

जाझ मुंबईला नवीन नव्हतं. १९३० च्या दशकापासून इथल्या मोठ्या हॉटेलांत ते वाजत होतं आणि वाजवणाऱ्यांत गोव्याहून आलेले कलाकार भरपूर होते. तीच मंडळी दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवायची. आपल्या आजी-आजोबांनी रेडिओवर जी गाणी ऐकली, त्यांच्या मागे या गोंयकारांचे हात आहेत. पण हॉटेलात जाऊन ऐकणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. जाझ यात्रेने ते संगीत हॉटेलातून काढून उघड्या आकाशाखाली आणलं. फरक आवाजात नव्हता, दारात होता. कोण आत येऊ शकतो, हे बदललं.

१९८६: आणि मग पोरं आली

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं. लोक त्याला नुसतं 'आय-रॉक' म्हणायचे. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे भर ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसात, छत नसलेल्या जागी. नियोजनाच्या दृष्टीने हा निर्णय कोणत्याही मॅनेजरने रिजेक्ट केला असता. पण पोरं यायची.

त्या काळाची कल्पना करा. यूट्यूब नाही, स्पॉटिफाय नाही. मामा सांगतो, कुणाच्या तरी परदेशातल्या भावाने पाठवलेली कॅसेट, तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. शेवटच्या कॉपीत गिटारपेक्षा टेपची खरखरच जास्त. आणि इथे समोर, आपल्याच शहरातली माणसं खरी गिटार वाजवतायत. रॉक मशीनसारखा बँड, जो पुढे 'इंडस क्रीड' नावाने ओळखला गेला, याच काळात मोठा झाला. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. दुसऱ्याची गाणी वाजवण्यापासून स्वतःची गाणी लिहिण्यापर्यंतचा हा प्रवास आहे, आणि त्यासाठी समोर हजारो कान असलेलं स्टेज लागतं.

मामाच्या आठवणीत मात्र बँडची नावं कमी आणि बाकीच्याच गोष्टी जास्त. भिजलेले शूज. अनोळखी पोराने अर्धा दिलेला वडापाव. व्हीटीपर्यंत पळत जाऊन पकडलेली शेवटची गाडी, दुसऱ्या दिवशी बसलेला घसा आणि आजीचा ओरडा. "तिथे कोणी विचारलं नाही, कुठल्या शाळेतला, इंग्लिश येतं का," असं तो म्हणाला. डोंबिवलीतल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

मग बंद का झालं?

१४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले. त्यात 'शांतता क्षेत्र' नावाची गोष्ट आहे, इंग्रजीत आपण सायलेन्स झोन म्हणतो ती. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर. या क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४०. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद.

आता परत मॅप उघडा. रंगभवनाच्या एका बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल, पलीकडे जीटी हॉस्पिटल. १०० मीटरचं वर्तुळ काढायला कंपाससुद्धा नको. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच रंगभवनातले कॉन्सर्ट थांबले. आय-रॉक उपनगरातल्या मैदानांवर गेलं. स्टेज रिकामं झालं.

इथे माझ्यातला इंजिनीअर जागा होतो. थोडं गणित करू, घाबरू नका. डेसिबल ही साधी पट्टी नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. समजा, स्टेजपासून १० मीटरवर १०० डेसिबल आहेत, रॉक कॉन्सर्टसाठी हे काही फार नाही. मग १०० मीटरवर किती? ८०. आणि ५० व्हायला किती लांब जावं लागेल? तीन किलोमीटरहून जास्त! म्हणजे धोबी तलावहून निघून थेट मुंबई सेंट्रलच्या आसपास. प्रत्यक्षात मधल्या इमारती बराच आवाज अडवतात, त्यामुळे हा आकडा कागदावरचा आहे. पण मुद्दा कळला ना? छत आणि भिंती नसलेलं थिएटर तिथे, त्या शेजाऱ्यांमध्ये, कितीही प्रयत्न केला तरी नियमात बसणारच नव्हतं. आवाज थोडा कमी करून भागणारं प्रकरण नव्हतं ते.

थांबा, नियम वाईट नव्हता

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, चला, आता हा कायद्याला शिव्या घालणार. स्क्रिप्टचा पहिला ड्राफ्ट खरंच तसा होता. मग मी तो फाडला. कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आजी हॉस्पिटलमध्ये होती. कुठलं हॉस्पिटल, कुठला एरिया, ते महत्त्वाचं नाही. रात्री खालच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली, डीजे लावलेली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आजीला नीट बोलता येत नव्हतं, तिने फक्त माझं मनगट घट्ट धरलं. प्रत्येक ठोक्याला तिची बोटं आवळायची. जवळपास वीस मिनिटं. मी नर्सकडे बघितलं, तिने खांदे उडवले. ती तरी काय करणार?

त्या रात्री मामा पण तिथेच होता. तो खिडकीपाशी उभा राहून शिव्या देत होता. मिरवणूक पुढे गेली, शांत झालं, आणि बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "कामा हॉस्पिटलमधल्या बायकांना आम्ही असंच छळलं असणार रे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडलं, खास स्त्रिया आणि मुलांसाठी. बाईला बाईनेच तपासावं म्हणून त्या काळात एडिथ पीची नावाची डॉक्टर इंग्लंडहून मुंबईत आली होती, तिने हे हॉस्पिटल सांभाळलं. झेवियर्स कॉलेज तर १८६९ चं. म्हणजे लाउडस्पीकरचा शोध लागायच्या आधीपासून हे शेजारी तिथे आहेत. आपण रंगभवनाच्या गोष्टीत त्यांना व्हिलन करतो, पण नंतर आलो ते आपणच. ज्या रात्री मामा पावसात उड्या मारत होता, त्याच रात्री पलीकडे कोणीतरी नुकतीच बाळंत झाली असेल आणि तिला फक्त झोप हवी असेल.

हे नियमही काही आकाशातून पडले नाहीत. १९८० च्या दशकापासून डॉ. यशवंत ओक यांच्यासारखे लोक मुंबईत आवाजाविरुद्ध लढत होते. पुढे सुमैरा अब्दुलाली यांनी २००३ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. ते बोलत होते त्यांच्यासाठी, ज्यांना खाली उतरून मिरवणुकीशी भांडता येत नाही.

एक तक्रार मात्र मी नोंदवणारच. मेट्रो सिनेमाच्या चौकात संध्याकाळी उभे राहा आणि मोबाइलवर डेसिबल मोजायचं कुठलंही ॲप लावा. आपण नुसतं बोलतो तेच साधारण ६० डेसिबल असतं, तिथे ट्रॅफिकमध्ये ५० कुठून येणार? पण हॉर्नला आयोजक नसतो. परवानगीच्या अर्जावर त्याची सही नसते. नियम पटकन लागू होतो तो ज्याचं नाव-पत्ता सापडतो त्याला. रंगभवनाचा पत्ता सगळ्यांना माहीत होता.

दुसऱ्यांनी काय केलं?

हाच दहाचा नियम पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही लागला. पं. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. लोक चादरी घेऊन यायचे आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकून घरी जायचे. आता सत्रं दुपारी सुरू होतात आणि बहुतेक दिवशी रात्री दहाला संपतात. दरबारी, मालकंस अशा उत्तररात्रीच्या रागांची ती वेळच हातातून गेली. नुकसान झालं, पण महोत्सव जगला. कारण सवाईची अडचण वेळेची होती, आणि वेळ सरकवता येते. रंगभवनाची अडचण जागेची होती. जागा सरकत नाही.

मग अशा जागेचं काय करायचं? अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सल ॲम्फीथिएटर होतं. १९७२ पासून तिथे उघड्यावर कॉन्सर्ट व्हायचे. आसपासच्या रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्या. त्यांनी काय केलं? छत घातलं! १९८२ मध्ये ते बंदिस्त थिएटर म्हणून परत उघडलं आणि पुढे ३१ वर्षं चाललं. २०१३ मध्ये तेही पाडलं आणि तिथे हॅरी पॉटरचं पार्क उभं राहिलं. त्यामुळे 'तिकडे सगळं छान' असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट बघा. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ठरवलं की आता या जागेचं हे करायचं.

आपल्याकडे? रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारायची घोषणा झाली होती. वर्षं गेली, ते तिथे झालं नाही. शेवटी मराठी भाषा भवनाचं भूमिपूजन २०२२ च्या गुढीपाडव्याला चर्नी रोडला झालं. म्हणजे रंगभवनात गाणं वाजलं नाही आणि त्याऐवजी जे यायचं होतं, तेही आलं नाही.

आता 'आवाज बंद' हा एक निर्णय आहे, आणि 'दार बंद' हा दुसरा. कायद्याने पहिला घेतला. दुसरा कोणी घेतलाच नाही, तो आपोआप झाला. लाउडस्पीकर नसलेलं नाटक, कवितावाचन, दुपारच्या तालमी, कॉलेजच्या पोरांचं पथनाट्य, यातल्या कशाचाच आवाज रॉक कॉन्सर्टच्या जवळपासही जात नाही. तरी कुलूप लागलं.

मायग्रेशन प्लॅन

माझ्या रोजच्या कामात एक साधा नियम आहे. जुनी सिस्टीम बंद करायची असेल तर खुशाल करा, तिच्यात खरा प्रॉब्लेम असेल तर कराच. पण बंद करायच्या आधी विचारा, हिच्यावर कोण कोण अवलंबून आहे आणि ते सगळे कुठे जाणार? याला आम्ही मायग्रेशन प्लॅन म्हणतो. तो नसताना सर्व्हर बंद केला तर दुसऱ्या दिवशी शंभर लोक ओरडत येतात.

रंगभवन बंद करताना हा प्रश्न कोणी विचारलेला मला दिसत नाही. आणि शंभर लोक ओरडत आलेही नाहीत, कारण त्यातले बहुतेक अठरा-वीस वर्षांचे होते, आणि ज्यांना यायचं होतं ते अजून जन्मलेच नव्हते. म्हणजे आपण.

आज मुंबईत लाइव्ह संगीत नाही असं अजिबात नाही. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या स्टेडियमवर कोल्डप्ले आलं, आपल्यातल्या कित्येकांनी तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत दिवस घालवला. दुसऱ्या टोकाला छोटे क्लब आहेत, जिथे वय विचारतात आणि एका ड्रिंकच्या किमतीत मामाने आख्खा आय-रॉक बघितला असता. पण मधलं? हजार-दोन हजार लोक, स्वस्त तिकीट, कॉलेजची पोरं, स्टेशनच्या जवळ? बँड पन्नास लोकांसमोरून थेट पन्नास हजारांसमोर जात नाही. मधली पायरी लागते. आपण ती काढून टाकली आणि मग विचारतो, आपल्याकडे नवीन बँड का तयार होत नाहीत?

त्यामुळे माझं म्हणणं असं नाही की रंगभवनात परत ढोल वाजवा. आजीच्या बोटांची ती पकड मला आठवते, मी तसं म्हणूच शकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की शहर जेव्हा एक आवाज योग्य कारणाने बंद करतं, तेव्हा तो कुठे जाईल हे सांगणंही त्याच निर्णयाचा भाग आहे. हॉस्पिटलला शांतता द्या, पूर्ण द्या. आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, भिंती-छत असलेली, सोळा वर्षांच्या मुलीला परवडणारी एक जागाही द्या. एक काम झालं, दुसरं वीसेक वर्षं पेंडिंग आहे.

जाता जाता एक गृहपाठ. घरात पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना विचारा, "तुम्ही रंगभवनला गेला होतात का?" आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. मामाला मी हेच विचारलं तेव्हा तो आधी 'काय रे, जुन्या गोष्टी' म्हणाला, आणि मग दीड तास बोलला. आजी आता घरी आहे, शेजारच्या खोलीतून ऐकत होती. शेवटी तिने हाक मारली, "म्हणजे त्या दिवशी तू अभ्यासाला गेला नव्हतास तर!"

पकडला गेला, तीस वर्षांनी.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, हॉस्पिटलजवळून जाताना हॉर्न वाजवू नका.